जिन्याच्या वळणावरची खिडकी

४ मार्च

प्रिय आत्या,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. आई म्हणते, तुझ्या आत्याचं भांडण फोनशी नाही, मधे बोलणाऱ्या माणसाशी आहे. पत्रात कुणी मधे बोलत नाही. मी हसले, पण नंतर वाटलं, मी सारखा फोन करून तुला पिडलं तर नाही? पिडलं असेल तर स्पष्ट लिही.

मला नव्या विभागात घेतलंय. मशीन तीच, एमआरआयची, पण आता नुसते गुडघे आणि मणके नाहीत. हृदयाच्या स्नायूत चरबी साठली आहे का, ते बाहेरून बघायचं. तुला वाटेल रक्तवाहिन्यांतली चरबी. ती नाही. ही हृदयाच्या भिंतीच्या मांसातच मुरते, कागदात तेल मुरतं तशी. माणूस काटकुळा असला तरी मुरू शकते, आणि नेहमीच्या तपासण्यांत कळेलच असं नाही. आम्ही सुई टोचत नाही, काही कापत नाही. माणसाला मशीनमध्ये झोपवतो, पडद्यावर हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीवर एक छोटा चौकोन ठेवतो, आणि त्या चौकोनात पाणी किती, चरबी किती, एवढंच विचारतो. पाण्याचा उंच सुळका येतो. चरबी असली तर त्याच्या शेजारी बुटका उंचवटा. झोपलेल्या माणसाने फक्त श्वास सोडून थांबायचं. त्या सूचना माझ्या आवाजात भरून ठेवल्या आहेत: "श्वास घ्या. सोडा. थांबा." दिवसभर स्वतःचाच हुकूम ऐकत बसते.

इथेही जिना आहे आणि वळणावर खिडकी आहे. बाहेर दिसतं काय, तर समोरची भिंत. तरी परवा मी तिथे थांबले आणि ओठ हलवत बसले. माझ्याबरोबर काम करणारा एक जण मशीनच्या ठकठकीवर सूर लावतो, म्हणून त्याला आम्ही गवई म्हणतो. त्याने विचारलं, "बाई, भिंतीशी काय बोलताय?" मग सांगावंच लागलं. लहानपणी मी शाळेत गेले नाही, बाबा आणि आत्या यांनीच शिकवलं. खाली पुस्तकबांधणीचा कारखाना, वर राहायच्या खोल्या, मधे अरुंद लाकडी जिना. आजोबांचा नियम असा, की वर जाणाऱ्याने वळणावर थांबायचं, खिडकीतून बघायचं, आणि दिसलेल्या तीन गोष्टी मोठ्याने सांगायच्या. वरच्यांना ऐकू आल्या तरच पुढची पायरी. आम्ही त्याला खिडकीचा धडा म्हणायचो.

गवई म्हणाला, "झकास. आमच्याकडे जिन्यात फक्त शिव्या ऐकू यायच्या."

बाबा त्याच वळणावर गेले, हे मी त्याला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? लपवल्यासारखं वाटतं.

तुझी पणू


११ मार्च

पणू,

पत्रात 'पण' किती, ते मोजायचं सोडून दिलं. बोलायला लागल्यापासून प्रत्येक उत्तर 'पण'ने सुरू करायचीस, म्हणून तर नाव पडलं. एवढी मोठी मशीन चालवतेस, तरी कुणाला काय सांगायला हवं होतं याचा घोर आहेच. गवयाला काही सांगायची गरज नव्हती. आणि तुझ्या मातोश्रींना म्हणावं, मधे बोलायची सवय कुणाची आहे ते सगळ्या घराला माहीत आहे.

कामाचं विचारलं नाहीस, तरी सांगते. वकिलाची जुनी पुस्तकं आली आहेत, पाठी सुटलेल्या, वाळवीने कोपरे खाल्लेले. शिवण उसवते आहे. खळ पातळ झाली तर कागद सुरकुततो, घट्ट झाली तर बोटं चिकटतात; दादा होता तेव्हा खळ तोच करायचा. समोरच्या चष्म्याच्या दुकानात नवा आरसा लावलाय. गिऱ्हाईक चष्मा घालून बघतं आणि आधी पोट आत घेतं. चष्म्याचा आणि पोटाचा काय संबंध?

एक लिहू? हसू नकोस. दिवेलागणीला जिन्यावर पावलं वाजतात. कारखाना बंद असतो, खाली कुणी नसतं, मी वर असते. पहिल्या पायरीपासून वळणापर्यंत येतात, दादाच्या चालीने, दर पायरीवर दोन्ही पाय टेकत, आणि थांबतात. लाकूड आहे, दिवसा तापतं, संध्याकाळी निवतं, हे मला कळतं. तरी मी वरून विचारते, "दादा, काय दिसतंय?" त्या दिवशीही तसंच विचारलं होतं. तो बोलला नाही. मला वाटलं, आज काहीतरी चांगलं दिसतंय, म्हणून वेळ लागतोय.

ते जाऊ दे. खात जा नीट.

आत्या


२५ मार्च

आत्या,

हे तुला लिहावं की नाही, यात चार दिवस गेले. पण मग तुझ्यापासून लपवल्यासारखं झालं असतं.

नवी पद्धत नीट चालते का, ते बघायला आधी निरोगी माणसाची तपासणी करतात. आमच्यातलंच कुणीतरी झोपतं. या वेळी मी झोपले. चौकोन गवयाने ठेवला. माझ्याच आवाजाने मला श्वास सोडून थांबायला सांगितलं. बाहेर आले तर गवई गुणगुणत नव्हता. त्याने पडदा जरा तिकडे वळवला होता. मी म्हटलं, इकडे कर. पाण्याचा सुळका होता आणि शेजारी उंचवटा होता.

मोठ्या डॉक्टर म्हणाल्या, एका तपासणीवर काही ठरत नसतं, परत करू. मशीन दुरुस्तीसाठी बंद राहणार आहे, ती सुरू झाली की. त्या शांत होत्या. मी नाही.

मला बाबाच दिसतात सारखे. त्यांच्या बरगड्या मोजता यायच्या. दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "यांना काय होणार? अंगावर चरबी नावाला नाही." तू हे इतक्यांदा हसत सांगायचीस. आता मला त्या वाक्याची भीती वाटते.

आणि दुसरं. आजोबांचा तो नियम आपल्याला निरीक्षण यावं म्हणून होता ना? आता वाटतं, नसेल. आजोबांना वळणापर्यंत धाप लागत असेल. लेकरांसमोर, गड्यांसमोर धापा टाकत कसं उभं राहायचं, म्हणून त्यांनी थांबण्याचा धडा केला असेल. तीन गोष्टी शोधून सांगेपर्यंत श्वास जागेवर येतो. मग बाबांना तो नियम आयताच मिळाला. मग मला. जिना चढताना मला धाप लागते की मी नुसती थांबते, हे मला माहीतच नाही, कारण मी न थांबता कधी चढलेच नाही.

काल दवाखान्याच्या वळणावर पोचले तर खिडकीशी कुणीतरी पाठमोरं उभं होतं, हात चौकटीवर. सफाईवाली होती, काच पुसत होती. पण मी दोन पायऱ्या उतरून खाली आले होते, आत्या.

आईला काही सांगितलेलं नाही.

पणू


२९ मार्च

पणू,

तुला काही झालेलं नाही. तू तुझ्या आईच्या अंगावर गेली आहेस, हाडापेराने मजबूत.

तरी विचारते, ताबडतोब उत्तर दे. सपाट झोपलं की गुदमरतं का? उशीवर उशी घ्यावी लागते का? संध्याकाळी चपलेचा पट्टा बोटभर घट्ट होतो का? बोलताना वाक्य मधेच सोडून द्यावं लागतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की आपण रागावलो, असं होतं का? भाताचं पातेलं उतरवताना हात थरथरतो का?

यातलं काहीही असेल तर कामावर जाऊ नकोस. जिने चढू नकोस. नियमबियम गेला खड्ड्यात.

परत तपासणी कधी आहे ते कळव. मशीन सुरू झाली नसेल तर दुसरीकडे जा. भीड धरू नकोस.

आत्या


९ एप्रिल

आत्या, आत्या,

माझं हृदय स्वच्छ आहे!

तुझ्या सगळ्या प्रश्नांना उत्तर नाही, नाही, नाही. आणि आता चूक काय झाली ते ऐक. आपल्या घराबाहेरचं माणूस ही चूक करूच शकत नाही.

श्वास सोडून थांबायचं असतं. मी सोडला. मग माझाच आवाज म्हणाला, "थांबा." आणि थांब म्हटल्याबरोबर मी काय केलं असेल? वळणावर करतो तेच! थांबलं की आधी छातीभर श्वास घ्यायचा, मग बोलायचं. मला कळलंही नाही. श्वास भरला की हृदय जागचं खाली सरकतं. चौकोन भिंतीवर होता, तो भिंत सोडून हृदयाच्या बाहेरच्या चरबीवर आला. ती चरबी सगळ्यांनाच असते, तिला काही अर्थ नाही. या वेळी गवई म्हणाला, "बाई, मेहेरबानी करून खिडकी बंद ठेवा." मी दात आवळून रिकामी राहिले. नुसता पाण्याचा सुळका, शेजारी सपाट. दोनदा केलं, कारण एकदा केल्यावर मला पटेना. दोन्ही वेळा सपाट.

म्हणजे मागच्या पत्रात आजोबांविषयी मी जे लिहिलं ते उगाच. सवय ती सवय. मला धाप लागत नाही आणि तरी मी थांबते, तर मग तेही तसेच थांबत असतील. गेलेल्या माणसावर मी आजार लादत होते. वाईट वाटलं.

आज दवाखान्याचा जिना न थांबता चढले. वर पोचल्यावर कुणाचीतरी परवानगी घ्यायची राहिली, असं वाटत राहिलं.

तुझी (स्वच्छ) पणू


२० एप्रिल

पणू बाळ,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि वकिलाच्या पुस्तकाला चुकून उलटा पुठ्ठा चिकटवला. असू दे. त्याला तरी कुठे वाचायचंय.

तू म्हणतेस तेच खरं. सवय. अण्णांना, तुझ्या आजोबांना, लोकांकडे बघायची हौस होती, म्हणून नियम काढला. दादालाही हौस. मलाही. यात कसलं आजारपण शोधायचं? आता तो विषय संपला.

माझं उत्तम चाललंय. समोरच्या चष्मेवाल्याने दुपारी दुकान अर्धं लावून घेऊन आरशासमोर स्वतःच केस काळे केले. कानही काळे केले. गच्चीवरची बाई सकाळी गादी वाळत घालते आणि संध्याकाळी तिच्यावरच पडून आभाळ बघते. नळाचं पाणी आधी कोपऱ्यावरच्या घरी येतं, मग आपल्याकडे. त्यांची बादली वाजली की मी समजते. एका मांजरीने चष्मेवाल्याच्या छपरावर पिल्लं घातली आहेत, त्यांतलं एक सारखं पन्हाळीत घसरतं. सकाळी उन्हाचा तुकडा आधी माझ्या पायावर येतो, मग शिवायला घेतलेल्या कागदांवर, आणि जेवायच्या वेळेला भिंतीवर जातो.

पावलं अजून येतात. आता तर अगदी माझ्याशेजारी येऊन थांबतात. भीती नाही वाटत. सोबत वाटते. विचारायचंही सोडून दिलंय, कारण त्याला काय दिसतंय ते मलाही दिसतं.

फोन करू नकोस, घंटा वाजली की दचकायला होतं. पत्र लिही.

आत्या


२ मे

आत्या,

मी तुझी सगळी पत्रं परत वाचली. तू रागावशील, पण मला लिहायलाच हवं.

चष्म्याच्या दुकानाचं आतलं आपल्या वरच्या खोलीतून दिसत नाही. तिथून त्याचं छप्परही अर्धंच दिसतं. पन्हाळ, आरसा, गच्ची, हे सगळं एकत्र फक्त वळणावरच्या खिडकीतून दिसतं. ते मला पाठ आहे, मी त्याच्यावर वाचायला शिकले. आणि तीन गोष्टी सांगण्यापुरतं थांबणाऱ्याला कान काळे केलेले दिसत नाहीत. त्याला बसावं लागतं. ऊन सकाळी पायावर येतं आणि जेवणवेळेला भिंतीवर जातं. म्हणजे तू सकाळपासून जेवणापर्यंत तिथेच असतेस. संध्याकाळी ती बाई आभाळ बघते तेव्हाही तिथेच. तू लिहितेस पावलं शेजारी येऊन थांबतात. आधी तू वर असायचीस आणि ती खाली थांबायची.

तू वर जात नाहीस ना? तुला वर जाता येत नाही आणि खाली कारखाना बंद करता येत नाही, म्हणून मधेच अंथरूण घातलं आहेस.

आणि ते प्रश्न! चपलेचा पट्टा, उशीवर उशी, मधेच सोडलेलं वाक्य. मला वाटलं, माझ्या काळजीने विचारतेस. आत्या, तो पट्टा तुझा आहे. म्हणून फोन नाही.

मूर्ख मी. माझा चौकोन चुकीच्या जागी पडला होता, तो मी बरोबर केला आणि उड्या मारल्या. माझ्या अंगात नाही म्हणून कुणाच्याच नव्हतं, हे मी कुठल्या हिशेबाने लिहिलं? घरातलं सगळंच सगळ्यांकडे येत नाही. मला सवय आली. तुम्हाला ते आलं असेल.

ये इकडे. सुई नाही, चिरफाड नाही, नुसतं पडून राहायचं. नसलं तर माझ्यावर आयुष्यभर हस. मोठ्या डॉक्टर म्हणाल्या, असलं तरी कळल्यावर बरंच सांभाळता येतं; न कळलेलंच सांभाळता येत नाही.

मी आईला सगळं सांगितलं आहे. तुला न विचारता. माफ कर.

पणू


२१ मे

वन्सं,

पोरीने तीन आठवडे पोस्टमनची वाट बघून डोळे सुजवून घेतले आहेत. म्हणून मी लिहिते. मी मधे बोलणारी बाई, तेव्हा मधेच बोलते.

लग्न होऊन तुमच्या घरी आले त्या दिवशी मी तो जिना थेट चढले. तुम्ही म्हणालात, "वहिनीला घाई दिसते." वर्षभर ते ऐकलं. नवऱ्याच्या मागे उभी राहून मी पुष्कळदा बघितलं, हे बोलायच्या आधी चौकट धरून उभे राहायचे, आणि बोटांची नखं पांढरी व्हायची. मी म्हटलं, दाखवा कुणाला तरी. घरात हशा. खिडकीत बघायलाही डॉक्टर लागतो का म्हणे! शेवटी नेलं, तर त्या डॉक्टरने त्यांच्या बरगड्या मोजल्या आणि घरी पाठवलं. पुढे कुणाला काय म्हणणार?

हे गेल्यावर मी मुलीला घेऊन निघाले, त्याचा तुम्हाला राग आहे. असू दे. मला तो जिना बघवत नव्हता. अजून बघवत नाही.

तर ऐका. रविवारी मी गाडी घेऊन दारात येते. मी वर चढणार नाही आणि तुम्हाला हाकाही मारणार नाही. तुम्हीच उतरायचं. उतरताना थांबायचा नियम तुमच्या घरात नाही, तरी थांबावं लागलं तर थांबा. मी खाली उभी आहे. मला घाई नाही.

तुमची वहिनी


२६ मे

वहिनी,

रविवारी येते. पुस्तकं चष्मेवाल्याकडे ठेवायला देते आहे, वकिलाचा माणूस तिथून नेईल.

पणूला सांग, रागावले नाही. उत्तर लिहिलं नाही, कारण तिने सगळं बरोबर ओळखलं होतं, लिहायला काही उरलं नव्हतं. फोन का नाही, तेही ओळखलं पोरीने. कागदावर धाप लागत नाही. वाक्य कुठेही सोडावं, चहा प्यावा, परत उचलावं. कुणाला कळत नाही.

मला एकच भीती आहे. मी तिथे झोपले आणि त्या पडद्यावर काही निघालं, तर दादाच्या वेळी ते कुणाला बघताच आलं नाही, हे ठरून जाईल. इतके दिवस तो नुसता थांबलेला होता.

गाडीत मधे बोललीस तरी चालेल.

वन्सं


१४ जून

आत्या,

तू आत होतीस. बाहेर काय झालं ते तुला माहीत नाही, आणि आता तू घरी गेल्यावर ते न सांगता राहणं मला जमत नाही.

घरच्या माणसाचा चौकोन मी ठेवायचा नाही, असं मीच मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. माझा हात हललाच तर? गवयाने ठेवला. मला फक्त माइक दिला. भरून ठेवलेला आवाज बंद केला होता, कारण तेवढा वेळ तुला थांबता आलं नसतं; छोटे छोटे तुकडे करायचे आणि मधे विसावा द्यायचा, असं ठरलं होतं. आई माझ्यामागे खुर्चीत होती. पदराचं टोक तिने बोटाला इतकं गुंडाळलं होतं की बोट लाल झालं.

"श्वास घे. सोड. थांब." तू थांबलीस. परत. परत. विसाव्यात आम्ही झोपलेल्या माणसाला विचारतो, ठीक आहात ना? तेच विचारायचं होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "आत्या, काय दिसतंय?"

तू बोलली नाहीस.

पडद्यावर तुझे ठोके चाललेले दिसत होते. तुझ्या हातात त्रास झाला तर दाबायचा फुगा होता, तो तू दाबला नव्हतास. मला सगळं दिसत होतं, सगळं ठीक होतं, आणि तरी मी माइक दोन्ही हातांनी धरला. मला वाटलं, मी वरच्या खोलीत उभी आहे, आणि खाली वळणावर पावलं थांबली आहेत. आई खुर्चीतून उठली. तिलाही तेच वाटलं असणार, कारण ती तुझ्याकडच्या काचेकडे गेली नाही, जिन्याकडे निघाल्यासारखी दाराकडे गेली.

मग तुझा आवाज आला. "पांढरं छत. माझ्या नाकाचं टोक. आणि तिसरं दिसत नाही, ऐकू येतं. तुझं 'थांब' अगदी दादासारखं आहे गं." गवयाने तोंड फिरवलं. आई परत बसली आणि म्हणाली, "मेलीला तिथे पण धडा म्हणायचाय." आणि मग ती रडली. तुला ती सांगणार नाही.

निकाल तुला मोठ्या डॉक्टरांनी सांगितला. मी माझ्या शब्दांत सांगते. चौकोन भिंतीत होता. मी प्रत्येक वेळी तपासला, गवयाने तपासला, त्यांनी तपासला. तू एकदाही चुकून श्वास घेतला नाहीस. उंचवटा प्रत्येक वेळी होता. या वेळी बाहेरची चरबी नाही, भिंतीतलीच. किती वर्षं मुरतेय ते सांगता येत नाही. खाण्यातलं तेल-तूप त्यांनी दिलेल्या कागदाप्रमाणे, गोळ्या वेळेवर, आणि सहा महिन्यांनी परत हाच चौकोन, त्याच जागी. उंचवटा उतरेल का? काहींचा उतरतो, काहींचा नाही. मी खोटं सांगणार नाही.

बाबांच्या हृदयाचं चित्र कुणी काढलं नाही, आणि आता कुणी काढू शकत नाही. पण तुझं पडद्यावर आलं तेव्हा ते मला ओळखीचं वाटलं. बाबांना त्या दिवशी सांगायचं राहिलं ते हेच असेल. आता ते सांगून झालं, असं समजू का? ठरवता येत नाही. तू सांग.

आई तिकडे राहते म्हणाली, त्यावर माझा अजून विश्वास बसत नाही. तुम्ही दोघी एका खोलीत!

पणू


१ जुलै

पणू,

एका खोलीत दोघी, आणि ती खोली म्हणजे कारखाना. पुठ्ठे कापायच्या टेबलापलीकडे माझी खाट, दाराशी तुझ्या आईची. जिना बंद. म्हणजे मला बंद. वहिनी दिवसातून पाच-सहा वेळा वरून काहीबाही आणते. अजून थेट चढते. मी खालून म्हणते, "घाई दिसते," आणि ती वरून म्हणते, "घाईच आहे, दुधावरची साय काढून टाकायचीय, आता तुम्हाला ती मिळणार नाही." जेवण बेचव आहे. गोळ्या घेते. पट्टा कधी घट्ट, कधी सैल. खोटं मीही सांगणार नाही.

वहिनीला खळ करायला शिकवली. गुठळ्या करते, पण शिकेल. तुझा बाबा बाजूला ढवळत बसायचा, त्याच जागी बसते.

दादाचं सांगून झालं का, हे तू विचारलंस; त्याचं उत्तर मला देता येत नव्हतं, म्हणून पत्राला उशीर झाला. आता देते.

परवा दिवेलागणीला आम्ही दोघी खालीच होतो. ती खळ ढवळत होती, मी शिवण ओढत होते. पहिल्या पायरीवर पाऊल वाजलं. तिला मी पावलांचं कधी सांगितलेलं नव्हतं. पण तिचा हात थांबला. दर पायरीवर दोन्ही पाय टेकत, हळू, वळणापर्यंत. मी विचारायला श्वास घेतला. वहिनीने माझ्या मनगटावर हात ठेवला. खळीचा, चिकट.

पावलं थांबली नाहीत. वळणावरून पुढे निघाली. एकेक पायरी, तशीच हळू, पण न थांबता, वरपर्यंत. वरच्या खोलीचं दार वाजलं. मग काहीच नाही.

आम्ही कितीतरी वेळ वर बघत होतो. मग वहिनीने हात काढून घेतला.

"पोचले एकदाचे," म्हणाली, आणि खळ ढवळायला लागली.

आत्या